तुला ठावं न्हाई ते बी सांग

बायडाआक्काचं नाव आधी लिहून टाकतो, बाकीचं मागनं. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, पण जागा बेताची आहे" असं कळवलंय. जागा कमी पडली की लेखाचं शेपूट कापतात, डोकं कुणी कापत नाही, एवढं मला कळतं. हा मजकूर मी उजव्या हातानं लिहितोय, आणि तो हात जाग्यावर आहे तो आक्कामुळं. तेव्हा तिचं नाव शेपटाकडं ठेवायचा धोका नको. मी मुळातच धोका न पत्करणारा माणूस. दुकानाला कुलूप लावून निघालो की अर्ध्या वाटेतनं परत येऊन कुलूप ओढून बघतो, आणि घरी पोचल्यावर बायकोला विचारतो, "मी परत जाऊन बघितलं का गं?"

आक्का माण तालुक्यातली, धनगराची. आमचं गाव तिकडं खानापूर तालुक्यात. दिवाळी सरली की तिची मेंढरं पावसाळी मुलखाकडं निघतात आणि जाता जाता आमच्या रानात मुक्काम करतात. मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं, त्याबदली रानवाल्यानं धनगराला जोंधळा-बाजरी आणि पाणी द्यायचं. हा व्यवहार माझ्या आज्यापासून चालत आलाय. आक्का माझ्या आईच्या बरोबरीची. आई गेली त्या साली तिनं मुक्काम लांबवला आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, रोज स्वतःच्या चुलीवरची भाकरी घातली.

तिला प्रश्न विचारायची खोड आहे. खोड कसली, तो तिचा धंदाच आहे. मेंढी विकत घेताना ती दात बघते, खूर बघते, कान उलटा करून बघते आणि विकणाऱ्याला विचारत सुटते. हिची आई कशी होती. एक पिल्लू देती का जुळं. हा पाय कवा दुखावला. विकणारा वैतागून म्हणतो, "आक्का, नगं घिऊ, जा." त्यावर ती म्हणते, "का? इकायची न्हाई व्हय? मग बाजारात कशाला आनली?"

आता मी. माझा सगळा जन्म याच्या बरोबर उलटा गेला.

आठवी अर्धवट सोडून मी केरळात त्रिशूरला आलो, गलाईच्या कामाला. आमच्या भागातली माणसं या कामासाठी देशभर पांगलेली आहेत, पण हा अंक बाहेरचेही वाचतात म्हणून दोन शब्दांत सांगतो. जुनं सोनं वितळवून शुद्ध करणं म्हणजे गलाई. मोडलेली बांगडी, तुटलेली साखळी, जोडीदार हरवून एकटं उरलेलं डूल, असं सगळं मुशीत घालायचं. मूस म्हणजे आग सोसणारी वाटी. त्यात मळ काढणारा टाकणखार टाकून भट्टीवर पाणी होईपर्यंत तापवायचं, साच्यात ओतून लगड करायची, मग तेजाबानं तांबं-चांदी वेगळं काढायचं. शिवाय केर. सराफाकडं कारागीर दागिने घासतात, त्याची धूळ जमिनीवर पडते. तो केर आम्ही जाळतो, धुतो आणि त्यातनं सोनं काढतो. एका सराफानं दारातलं काथ्याचं पायपुसणं आणून दिलं. कित्येक वर्षं त्याचे कारागीर त्याला पाय पुसत होते. आम्ही ते जाळलं. निघालेलं सोनं बघून त्यानं दुसऱ्या दिवशी दोन नवी पायपुसणी घेतली आणि कारागिरांना बजावलं, घरी जाताना पाय नीट पुसत चला.

या धंद्याचा एक रिवाज आहे. सगळं काम गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत करायचं. त्यानं समोर बाकावर बसून बघायचं, पण बोलायचं नाही. "हे काय टाकलं?", "ते कमी का झालं?" असं मधेच विचारलं की त्याचा अर्थ एकच, तुझ्यावर माझा भरवसा नाही. माझे शेठ, ज्यांच्या मागं आता मी दुकान बघतो, आमच्याच शेजारच्या गावचे. असा प्रश्न आला की ते भट्टीचा वारा बंद करायचे, माल होता तसा फडक्यात बांधून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "दुसरीकडं बघा." रागानं नव्हे. शांतपणे, वर चहा पाजून.

एकदा पाच भाऊ आले. वडील वारले होते, त्यांचे सोन्याचे दात वाटून घ्यायचे होते. पाचही जण एका बाकावर अंग चोरून बसले. कुणी कुणाकडं बघेना, सगळ्यांचे डोळे मुशीवर. दात वितळले, वाटाण्याएवढा थेंब झाला, आणि तो चमकताना बघून थोरला हुंदके द्यायला लागला. मग बाकीचे चौघे. शेवटी तो थेंब न वाटता आईला द्यायचा असं ठरवून ते गेले. एवढं सगळं झालं, पण प्रश्न एकानंही विचारला नाही. शेठ म्हणाले, "बघ शंकर, याला म्हणतात गिऱ्हाईक."

हे माझ्यात इतकं मुरलं की मी कुणालाच काही विचारायचा बंद झालो. कंडक्टरनं सुटे दिले नाहीत तर विचारायचो नाही. पोराच्या शाळेत बाई म्हणाल्या "याच्याकडं लक्ष द्या", तर "बरं बाई" म्हणून आलो. कशाकडं लक्ष द्यायचं हे सुनीता, म्हणजे बायको, दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आली.

उजव्या तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी मला एक गाठ आली. आमच्या हातांवर डाग असायचेच, ठिणगीचे, तेजाबाचे. तसंच काहीतरी समजून मी सोडून दिलं. सुनीता म्हणायची, "हा डाग वाढतोय." मी म्हणायचो, "डाग कुठं वाढतो का?" कुलपाची, गॅसच्या बटणाची, पोरांच्या सर्दीची, सगळ्याची काळजी मी केली. जिची करायची ती तेवढी राहिली.

दिवाळीनंतर आबांना भेटायला एकटाच गावी आलो. विट्याच्या डॉक्टरांनी गाठ बघितली, काढली, आणि फेकून न देता तपासायला पाठवली. त्याबद्दल त्यांचेही उपकार. तपासणीत कॅन्सर निघाला. तोही सहसा न आढळणारा, हाडाचा नव्हे, कातड्याचा नव्हे, मधल्या मऊ भागातला. नाव असं लांबलचक की डॉक्टरांनी ते दोन दमांत म्हटलं. "मिरजेला मोठ्या दवाखान्यात जा," म्हणाले. मी म्हणालो, "बरं."

आबांना ऐकू कमी येतं. भाऊ फौजेत, तिकडं सीमेवर. आक्काची मेंढरं तेव्हा आमच्या रानात बसलेली. आबा तिला म्हणाले, "पोरासंगं जा. त्यो कायबी इचारायचा न्हाई." बापानं पोराला बरोबर ओळखलं होतं. आक्कानं कळप लेकावर सोपवला आणि कनवटीला तंबाखूची पिशवी खोवून निघाली. स्टँडवर मला म्हणाली, "पाटी वाच रं. मला हाली डोळ्याम्होरं जाळ्यागत दिसतंया." मी पाटी वाचली आणि ती गोष्ट विसरलो. ती मी पुढं परत काढणार आहे.

मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी हात नीट बघितला, कागद वाचले आणि सरळ सांगितलं, "हात काढावा लागेल असं दिसतंय."

मी म्हणालो, "बरं साहेब."

"काही विचारायचंय?"

"न्हाई साहेब."

एवढं करून मी थँक्यूसुद्धा म्हणालो.

आक्का बाहेर लिंबाखाली बसली होती. बाहेरच थांब असं मीच तिला सांगितलं होतं.

"काय म्हणला डाक्टर?"

"हात काढायचा."

तिनं तंबाखू मळायची थांबवली. "कुठनं? मनगटातनं का कोपरातनं?"

"ते न्हाई विचारलं."

"कवा?"

"न्हाई विचारलं."

"समदा हातच का? नुसती ती जागा काढून भागत न्हाई?"

तेही मी विचारलं नव्हतं.

"मग आत काय करत हुतास येवढा येळ?"

"बसलो होतो."

तिनं मळलेला तंबाखू परत पिशवीत टाकला. मग म्हणाली, "आरं, मेंढराचा पाय कापायचा म्हणलं तरी म्या चार मानसांस्नी इचारती. ह्यो तर मानसाचा हात हाय. आन त्योबी उजवा."

"आक्का, डॉक्टरला उलटं विचारलं की त्यांना वाटतं आपला भरवसा न्हाई."

"कोन म्हणतं?"

"आमच्यात तसंच आसतं."

"तुमच्यात सोनं आसतंया बाबा. सोनं वितळून परत व्हतंय. हात व्हतो का?"

तिनं मला मनगटाला धरून, त्याच हाताच्या मनगटाला, परत आत नेलं. दारातली नर्स म्हणाली, "मावशी, नंबर?"

"नंबर सकाळचाच हाय. काम ऱ्हायलंय."

मोठे डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, कॅन्सरच्याच. नवीनच आलेल्या. मराठी तीन वाक्यांपुरती: दुखतंय का, जेवला का, उद्या या. पाटीवरचं नाव वाचून मी चमकलो आणि तोंडातनं आपसूक मल्याळम गेलं, "नाट्टिल एविडेया?" म्हणजे, गाव कुठलं? त्या कोट्टयमकडच्या निघाल्या. मिरजेत विट्याकडचा माणूस मल्याळम बोलतोय हे ऐकून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. आक्काला त्यातलं काही कळेना. तिनं सरळ मला कामाला लावलं.

"हिला इचार, रोगाचं नाव काय. आन मला म्हणता येईस्तवर सांगायला सांग."

डॉक्टरबाईंनी सांगितलं, आक्कानं म्हणून बघितलं, परत सांगितलं, परत म्हणून बघितलं. जमलं तेव्हा दोघी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण पुढचा प्रश्न आला.

"इचार, असली गाठ तू किती जनांची बगितलीस?"

हे मी कसं विचारणार? मी मल्याळमात म्हणालो, "अम्मा म्हणतात, तुम्हाला या आजाराचा पुष्कळ अनुभव असेल."

डॉक्टरबाई लाजून हसल्या आणि म्हणाल्या, "तसं काही नाही."

आक्का माझ्याकडं वळली. "आकडा सांगितला न्हाई. हसली कशाला?"

"ते... त्यांच्यात हसून सांगतात."

"शंकऱ्या, मेंढरं राखती म्या. कळपातलं कंचं लंगडतंया ते न बगता कळतं मला. म्या जे बोलली तेच बोल."

बोललो. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, "मी स्वतः दोनच बघितलेत. मोठ्या सरांनी त्याहून जास्त, पण फार नाहीत. हा आजारच दुर्मिळ आहे."

हे आक्काला सांगितलं तर मला वाटलं, ती आता उठून चालू लागणार. ती उलट पुढं सरकून बसली. "खरं बोलतीया. आता इचार, लय कुनी बगितल्यात?"

मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात देशभरातले असे रोगी येतात, तिथं निव्वळ अशाच गाठी तपासणारे डॉक्टर आहेत, असं कळलं. आम्ही जायलाच पाहिजे असं नाही, आधी नुसता तुकडा पाठवला तरी चालतो. विट्यात काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात घालून तपासणी केंद्रात ठेवलेला असतो, तो मागून घ्यायचा.

इथं माझ्या डोक्यात भट्टी पेटल्यागत झालं. आमच्यात दोन दुकानांचा कस जुळला नाही की त्याच लगडीचा बारीक तुकडा काढून तिसऱ्याकडं पाठवतात. त्याला नमुना म्हणतात. त्यात कुणाचा अपमान नसतो, दुकानदार स्वतःच पाठवतो. मी एवढी वर्षं नमुने पाठवत होतो. गिऱ्हाईकानं प्रश्न विचारायचा नाही एवढंच मी या धंद्यातनं सोबत घेऊन आलो होतो, आणि नमुना तिथंच विसरून आलो होतो.

मी माझा पहिला प्रश्न विचारला. "आम्ही दुसऱ्याला दाखवलं तर मोठ्या सरांना वाईट नाही ना वाटणार?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाईट कशाला वाटेल? सर स्वतःच पाठवतात. उलट सकाळी तुम्ही 'बरं' म्हणून निघून गेलात तेव्हा ते मला म्हणाले, हा माणूस परत येतो की नाही कोण जाणे. रडणारा येतो, भांडणारा येतो. एकही प्रश्न न विचारणारा बऱ्याचदा येत नाही."

हे मी आक्काला सांगितलं नाही. तिनं विचारलंही, "काय म्हणली?" मी म्हणालो, "चालतंय म्हणल्या." तेवढी एक चोरी पचली.

मग गाडी सुरू झाली. आक्का बोलायची, मी मल्याळमात ओतायचो, उत्तर मराठीत परत आणायचो, आणि मधेमधे माझेही प्रश्न घुसायला लागले. दुसरीकडं कुठं गेलंय का? ते अजून बघितलेलंच नाही, त्यासाठी छातीचा आणि हाताचा स्कॅन करायचा, आणि तो झाल्याशिवाय हात काढणं हा शेवटचा शब्द नाही. थांबलो तर चालेल का? तपासण्या होईपर्यंत चालेल, पण त्रिशूरला जाऊन सणवार करून येतो म्हटलं तर नाही चालणार. थोडंच कापलं आणि वर लाईट, म्हणजे किरणं, दिली तर? गाठीची मुळं कुठवर गेलीत त्यावर आहे. हात राहिला तर काय काम करील? हे मीच विचारलं. वितळलेल्या सोन्याची मूस चिमट्यानं उचलून एका धारेत साच्यात ओतणं, धार न तोडता, ही एकच गोष्ट मला या जगात चांगली येत होती.

"कापायचं एक, लाईट देणार दुसरा, औषध देणार ही," आक्का म्हणाली. "इचार, तुमी समदी एका जाग्याव बसून बोलता का? का ज्येच्यात्येच्या खोलीत ज्येचंत्येचं?"

दर आठवड्याला बसतो आणि अवघड रोग्यांचं एकत्र ठरवतो, असं उत्तर आलं. आक्काला ते फार पटलं. "आमीबी बसतो. फुडची वाट कुनीकडनं काढायची ते एकला ठरवत न्हाई."

उठता उठता ती म्हणाली, "आन हिला म्हणावं, तुला काय ठावं न्हाई ते बी सांग."

हा प्रश्न मी गिळणार होतो. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, म्हणून विचारला. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हा आजार परत येईल की नाही, मला माहीत नाही. कुणालाच सांगता येत नाही. हात किती काम करील, तेही आत्ता माहीत नाही. जे कळेल ते लपवणार नाही, एवढं माझ्या हातात आहे."

खरं तर हे भीतीचंच बोलणं होतं. पण सकाळपासनं पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. शुद्ध सोनं म्हणून कुणी हातात दिलं की मला कायम धाकधूक असते. यात एवढं तांबं आहे असं आधी सांगणाऱ्यापुढं मी निवांत बसतो. तसलं काहीतरी असावं.

छाती साफ निघाली. नमुना मुंबईला गेला. मी रोज देवाला सांगत होतो, नाव बदलू दे, साधी गाठ निघू दे. माल खोटा निघावा अशी इच्छा मला धंद्यात कधी झाली नव्हती, ती तेव्हा झाली. नाव बदललं नाही, कस तोच निघाला. पण तिथल्यांनी लिहिलं होतं की गाठ एकाच बाजूला आहे, पूर्ण हात न काढता करण्याचा विचार व्हावा. मिरजेच्या डॉक्टरांनी एकत्र बसून स्कॅन परत बघितला आणि ठरवलं, करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि तळव्याचा तेवढा भाग काढायचा, मग लाईट द्यायची.

यावेळी मोठ्या सरांपुढं मी एकटा गेलो. आक्काची मेंढरं पुढं निघाली होती, तिला थांबणं शक्य नव्हतं. जाताना म्हणाली होती, "आता तुझं तू इचार."

मी विचारलं, "साहेब, तीन बोटांनी चिमटा धरता येईल का?"

सरांनी खिशातला पेन काढून माझ्या अंगठ्यात आणि दोन बोटांत दिला, उरलेली दोन मिटायला लावली, आणि पेन ओढून बघितला. पेन सुटला. परत दिला. परत सुटला. "जड नाही धरता येणार," ते म्हणाले. "तापलेली मूस उचलू नका. पण जेवाल, लिहाल, कस लावाल." मग म्हणाले, "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, काही विचारायचंय का."

"व्हय साहेब. विचारलं होतं."

"मग?"

"साहेब, तवा मी गिऱ्हाईक होतो."

त्यांना ते कळलं नसणार, पण ते हसले.

ऑपरेशनला सुनीता पोरांना बहिणीकडं ठेवून आली. पहिल्याच दिवशी तिनं डॉक्टरबाईंना इतके प्रश्न विचारले की मला शेजारी पडल्या पडल्या आक्काची आठवण यायला लागली. टाके निघाले, लाईट झाली. ती चालू असताना तळवा भट्टीपुढं धरल्यागत लाल व्हायचा. ते आधी विचारून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. घाबरलो, पण ठरवलेल्या हद्दीत.

आता दुकानात मूस माझा मेव्हणा संभा उचलतो. तो धार जरा घाईनं सोडतो. सांगितलं तर म्हणतो, "दाजी, सोनं साच्यातच पडतंय की." पडतंय. पण धारेला एक नाद असतो, तो त्याच्या हातात नाही, आणि माझ्या हातात आता होणार नाही. संभा ओततो तेव्हा मी रस्त्याकडं बघतो. मी कसोटीवर कस लावतो, आलेल्या माणसाशी बोलतो. गिऱ्हाईक गप्प बसलं की मीच म्हणतो, विचारा काय ते. परवा एक मासे विकणारी अम्मची, म्हणजे म्हातारी, दोन बांगड्या घेऊन आली. हे काय टाकलंत, ते हिरवं का झालं, धूर कुठं जातो, तुझी बोटं कुठं गेली. लगड गार झाली तरी तिचे प्रश्न संपेनात. ती गेल्यावर संभा म्हणाला, "दाजी, शेठ असते तर हिला चहा पाजला असता." मी म्हणालो, "मीही पाजला की. तिनं दोनदा घेतला."

आपल्या गलाईवाल्यांतल्या कुणाच्या घरी हा आजार निघाला की आता मला फोन येतात. कुठनं कुठनं येतात. सगळे विचारतात, "शंकरदाजी, औषध कुठलं घेतलं?" मी सांगतो, औषधातलं मला काही कळत नाही, ते डॉक्टरला विचारा. आणि विचारा म्हणजे खरंच विचारा. नाव म्हणता येईपर्यंत ऐका. तुकडा कुठं ठेवलाय ते विचारा. असले रोगी जास्त कोण बघतं ते विचारा. घरातलं जे माणूस बोलायला भीत नाही त्याला सोबत न्या, मग ते शिकलेलं असो नसो. आणि शेवटी आक्काचा उठता उठताचा प्रश्न सांगतो. मग हळूच कुणीतरी म्हणतं, "असं विचारलेलं चालतं व्हय?"

ठरल्याप्रमाणं मी तपासणीला मिरजेला येतो. आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. छातीचा फोटो निघून डॉक्टरबाई तो उजेडाला धरतात तेवढा वेळ मी त्यांच्या तोंडाकडं बघत असतो. आतापर्यंत साफ आहे. पुढचं त्यांना ठावं नाही, आणि ते त्यांनी आधीच सांगितलेलं आहे.

मागच्या खेपेला मेंढरं आमच्याच रानात होती. मी बांधावरनं हाक मारली. आक्का माझ्याकडं न बघता माझ्या आवाजाकडं चालत आली आणि माझा हात घेऊन बोटं चाचपली. एक, दोन, तीन. "हायत," म्हणाली. तेव्हा मला स्टँडवरची पाटी आठवली.

"आक्का, डोळे दाखवलेस का?"

"बगू की."

"मोतीबिंदू असंल. साधं ऑपरेशन असतंय."

"मेंढरं कोन बगंल?"

"लेक आहे की तुझा."

ती तंबाखू मळत बसली. मग म्हणाली, "तितं जाऊन काय इचारायचं ते मला सुदरत न्हाई गड्या. दुसऱ्याचं इचारनं सोपं आसतंया. आपलं आलं का त्वांड गप व्हतंय."

लिंबाखाली तिनं मला जे सुनावलं होतं ते परत तिला सुनवावं असं एकदा वाटलं. धीर झाला नाही.

आक्का, तुझे उपकार मी फेडणार आहे, आणि कसे ते मी ठरवलंय. तू डॉक्टरपुढं गप्प बसायचंस. बसून बघायचं, आमच्या बाकावरच्या गिऱ्हाईकागत. कुठला डोळा आधी, भिंग कसलं, पट्टी किती दिवस, कळपामागं परत कधी जायचं, धूळ आणि ऊन चालतं का, हे सगळं मी विचारीन. डॉक्टर मराठीच बोलणारा असेल, त्यामुळं मला मधे काही गाळायची सोय राहणार नाही. आणि उठता उठता त्यांना काय ठावं नाही तेही विचारीन.

हा अंक आक्काला कुणी वाचून दाखवला तर त्यानं एवढा तुकडा जरा मोठ्यानं वाचावा. ती मधेच थांबवून "कवा?" असं विचारील. तिला सांगावं, या दिवाळीनंतर, मेंढरं आमच्या रानात बसली की दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या गाडीनं. पाटी मी वाचतो.